प्रभूचे केस वाढतात

कट्.

एवढाच आवाज झाला, कंगव्याचा दात मोडल्याचा. पण दुपारच्या त्या शांततेत तो इतका मोठा वाटला की पाळण्यातल्या लोपेने दचकून मुठी उघडल्या, परत मिटल्या आणि तो झोपला.

"तिसरा," मेन्सिया हळूच म्हणाली. ती माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर उन्हात बसली होती. "मामी, मामांना म्हणावं, देवाच्या बरगड्या कोरून झाल्या असतील तर भाचीला एक धड कंगवा कोरून द्या."

"लग्नात देतील."

"लग्नानंतर काय उपयोग? फडक्याखाली कोण बघतंय!" ती हसली. "तीन आठवडे उरलेत मिरवायला. मिरवू द्या की."

मी हसले नाही. खरं तर मी विंचरतच नव्हते. कंगवा नुसता हातात होता, दुसऱ्या हाताने मी वीत लावून मोजत होते. मानेपासून खाली चार विती आणि वर चार बोटं. भाजलेल्या चेस्टनटच्या सालीचा रंग. रोझमेरीच्या पाण्याचा वास. असे केस आमच्या वाल्दोल्मोस गावात दुसरे नव्हते.

मेन्सिया माझ्या नवऱ्याच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. आठ वर्षांची असताना एक गाठोडं आणि खोकला घेऊन आमच्या दारात आली, आता पंधराची झाली होती. माझी उर्राका तिच्याच कडेवर वाढली. लोपे झाला तेव्हा मला ताप भरला होता, तेव्हा पंधरा दिवस त्याला सांभाळलं तेही तिनेच. ईस्टरनंतरच्या रविवारी तिचं लग्न ठरलं होतं, मेंढ्या कातरणाऱ्या वेलास्कितेच्या नुन्योशी. मुलगा बावळट होता पण मनाने चांगला. रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून आमच्या गल्लीतून जायचा आणि दरवेळी त्याच दगडाला ठेचकाळायचा, कारण डोळे आमच्या दाराकडे.

आमच्याकडे कुमारिकेचे केस उघडे असतात. लग्नाच्या दिवशी ती चर्चच्या पायऱ्या चढते ती केस पाठीवर सोडून, आणि उतरल्यावर सासू तिच्या डोक्याला पांढरं फडकं गुंडाळते. मग ते मरेपर्यंत सुटत नाही. कापलेल्या केसांची बाई म्हणजे एकच. जिला गाढवावर उलटं बसवून बाजारातून फिरवलेलं असतं, ती.

हे मला माहीत नव्हतं असं नाही.

*

माझा नवरा गुतिएरे लाकडाच्या मूर्ती करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मठाच्या चर्चसाठी पुरुषभर उंचीचा ख्रिस्त केला. गावातल्या लोकांनी आजवर पाहिलेले ख्रिस्त क्रुसावर ताठ उभे असायचे, एखाद्या पहारेकऱ्यासारखे. गुतिएरेच्या ख्रिस्ताचे हात खांद्यातून हलायचे. खांद्यात त्याने खोबण कोरली, त्यात गोल गाठ बसवली, आणि सांधा दिसू नये म्हणून त्यावर वासराचं मऊ कातडं ताणून शिवलं. ते शिवण माझं. मग सशाच्या कातड्याचा सरस, पांढऱ्या मातीचे सहा थर, आणि अंड्याच्या बलकात कालवलेले रंग. गुडघ्यांवर सोललेल्या कातडीचा जांभळा, पायांच्या नखांत निळसर. कुशीतल्या जखमेचं रक्त करायला त्याने तीन दिवस घेतले. पुन्हा पुन्हा पुसायचा आणि म्हणायचा, "हे डाळिंब झालं. रक्त असं नसतं." शेवटी पटाशीने बोट कापलं तेव्हा शेजारी धरून रंग जुळवला.

दरवर्षी प्रभूच्या मरणाच्या शुक्रवारी त्याला सगळ्या गावासमोर क्रुसावरून उतरवायचं. शिड्या लावून दोघे वर चढतात, खिळा उपटतात, आणि तो हात खाली पडतो. अगदी मेलेल्या माणसाचा पडतो तसा. पहिल्या वर्षी तो हात पडला तेव्हा आख्ख्या चर्चमधून एकच हुंदका निघाला. तेव्हा मी नवऱ्याचा हात धरला होता, इतका मला अभिमान वाटला होता.

केस मात्र जमत नव्हते. लाकडात कोरलेले केस हात हलताना खोटे दिसायचे, घोड्याच्या शेपटीचे राठ दिसायचे. "तुझे दे," गुतिएरे म्हणाला. "फडक्याखाली कोणाला कळणार?" मी दिले. पातळ तागाच्या टोपीवर एकेक बट शिवून मीच ते प्रभूच्या डोक्यावर चढवले.

मागच्या वर्षी घोळ झाला. शुक्रवारी मूर्तीभोवती मेणबत्त्या लावल्या त्या नेहमीच्या तिप्पट. त्या उष्म्याने सरस मऊ पडला आणि ती टोपी मागे, खाली सरकली, दोन बोटं. पहिल्या रांगेत म्हातारी ओलाया होती, जिला स्वतःच्या ताटातला मासा दिसत नाही. ती किंचाळली, "वाढले! प्रभूचे केस वाढले!"

मग सगळ्यांनाच दिसलं.

मठाचे प्रमुख ओर्दोन्यो पाद्री. त्यांनी त्याच संध्याकाळी गुतिएरेला बोलावून विचारलं आणि त्याने खरं ते सांगितलं. पाद्री रागावले नाहीत. म्हणाले, "देव मातीतून माणूस करतो. तुझ्या सरसातून त्याने चमत्कार केला तर तू कोण नाही म्हणणारा?" दुसऱ्या दिवशी त्यांनी वाढलेले केस चांदीच्या कात्रीने कातरले, तागाच्या चिंध्यांत बांधून गरोदर बायांना वाटले. मलाही एक पुरचुंडी मिळाली. थंडीत लोपेच्या वेळी मी तीच मुठीत आवळून बाळंत झाले. माझेच केस. मला ठाऊक होतं माझेच आहेत, तरी आवळले. आणि लोपे पायाळू असूनही जगला. याचा अर्थ काय लावायचा, मला अजून कळलेलं नाही.

*

यंदा उपासाच्या तिसऱ्या आठवड्यात ओर्दोन्यो पाद्री स्वतः आमच्या कारखान्यात आले. भुशात पाय भरू नयेत म्हणून झगा दोन बोटांनी उचलून धरला होता.

"पोरी, घरात सगळं ठीक? बाळ दूध पितं ना?"

"पितो, पाद्रीबाबा. तुमच्या कृपेने."

"माझी कसली! त्या केसांची." ते हसले. मग मूर्तीकडे वळले. दुरुस्तीला आणून तिला आम्ही बाकावर आडवं ठेवलं होतं, हात जोडल्यासारखे पोटावर. "गुतिएरे, गेल्या वर्षी आपण कातरले ते कानापर्यंत आले. आता एक वर्ष झालं. बुर्गोसहून बिशपांचा माणूस येणार आहे बघायला. छातीपर्यंत यायला हवेत."

"छातीपर्यंत!" गुतिएरेच्या हातातली पटाशी थांबली. "बाबा, एवढे केस आणायचे कुठून? विकत घ्यायचे तर फेरीवाल्याला कळणार, त्याला कळलं की..."

"विकत घ्यायचे नाहीत."

"नन्सच्या मठात कापतात ना," मी म्हणाले. "तिथून?"

"तिथे पन्नास नन्स आहेत, पोरी. पन्नास तोंडं." त्यांनी माझ्या डोक्यावरच्या फडक्याकडे पाहिलं. "तुझे?"

मी फडक्याची कड मागे सारली. बाळंतपणाच्या तापात माझे मूठमूठ गळून गेले होते. उरलेल्यांतून टाळू दिसत होती. त्यांनी मान फिरवली, जशी सभ्य माणसं फिरवतात.

"तुम्ही हुशार आहात, काहीतरी कराल," ते दारातून म्हणाले. "नाही झालं तर बिशपांच्या माणसाला सांगावं लागेल की मागच्या वर्षी मूर्तिकाराने आम्हाला फसवलं. मला ते सांगायला आवडणार नाही. खाली नदीपलीकडच्या गावात संताचं म्हणून खोटं हाड विकणाऱ्याचा हात कुठून कापला, आठवतंय ना? मनगटातून नाही. कोपरातून."

ते गेले. गुतिएरे उजवा हात मांडीवर ठेवून बसला होता, जणू तो कोणीतरी त्याच्याकडे ठेवायला दिलाय.

"लग्न आधी उरकलं तर?" मी म्हणाले. "मग फडक्याखाली..."

"उपासाच्या दिवसांत कोण लग्न लावतं?"

"शुक्रवार आणि लग्नाचा रविवार. मध्ये नऊ दिवस. फक्त नऊ, अहो! उतरवणं शुक्रवाराऐवजी..."

"देव नऊ दिवस उशिरा मरेल का, विचारून येऊ?"

आम्ही दोघंही कोणाबद्दल बोलतोय हे अजून कोणी उच्चारलं नव्हतं. तेवढ्यात उर्राका आत आली. सहा वर्षांची, हातात अर्धी भाकर, नाक वाहतंय. ती मूर्तीपाशी गेली आणि प्रभूच्या जखमी गुडघ्यावर रोजच्यासारखी फुंकर घातली, बरं वाटावं म्हणून. तिचे केस खांद्याच्या खाली आले होते. गुतिएरेने ते पाहिले. पाहताना त्याचा हात नकळत वीत उघडल्यासारखा झाला. मोजायला.

"मेन्सियाचे," मी म्हणाले. चटकन. कोणी विचारायच्या आत.

*

म्हणून त्या दुपारी मी वीत लावत होते.

कंगव्याचा मोडका दात मी उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाले, "अगं बाई. मेन्सिया, उवा आहेत गं."

"माझ्या? कालच तर धुतले."

"लिखा आहेत. आणि..." इथे मी थांबले, कारण पुढचं वाक्य मी सकाळपासून जुळवत होते, तरी ते तोंडातून काढायला जड गेलं. "लोपेच्या डोक्यात मला सकाळी एक दिसली. तू त्याला छातीशी घेऊन झोपवतेस ना."

ती गर्रकन वळली. चेहरा उतरला होता. "बाळाच्या? त्याची टाळू अजून भरलेली नाही, मामी!"

"म्हणून तर."

मला वाटलं होतं रडेल, वाद घालेल, ओढाताण होईल. तशी मी तयारी केली होती. पण ती पाळण्यातल्या लोपेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कापा मग. थोडेसेच कापून चालेल ना? खांद्यापर्यंत?"

"मुळाशी असतात त्या."

"पण लग्न..."

"मी सांगेन वेलास्किताबाईंना. नीट समजावून सांगेन. एका दिवसाचा तर प्रश्न, नंतर आहेच की फडकं."

"सांगाल ना नक्की?"

"सांगेन."

"शपथ?"

मी कात्री आणायला उठले. ती नवऱ्याची, कातडं कापायची होती, त्यामुळे एकेक बट कापायला वेळ लागला नाही. दर कापाला तिचे खांदे थोडे वर उचलायचे. कापलेल्या केसांची जुडी मी दोन्हीकडून दोऱ्याने बांधली. ती बघत नव्हती. जीवाचा आटापिटा करून ती हसत होती. "मान गार पडली, मामी. नुन्यो म्हणेल मेंढीच आणली घरात. बरं झालं, त्याला मेंढ्यांची सवय आहे."

पुढचे आठ दिवस मी आतल्या खोलीत बसून नव्या टोपीवर ते केस शिवले. दाराला कडी घातलेली. बाहेर मेन्सिया लोपेला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायची, कारण सुई टोचेल म्हणून मी त्याला आत घेत नव्हते. तिचं गाणं मला ऐकू यायचं आणि मी त्या तालावर सुई ओढायचे. एकदा उर्राका दाराच्या मोडक्या खालच्या फळीतून सरपटत आत आली. माझ्या मांडीवरच्या केसांकडे बघत राहिली. मी ओठांवर बोट ठेवलं. तिनेही ठेवलं. तिला वाटलं खेळ आहे.

*

वेलास्किता चौथ्या दिवशीच आली. बरोबर दोन नणंदा. बसा म्हटलं तर बसली नाही.

"ओरिया, ऐकते ते खरं का? पोरीचे केस काढलेस?"

"उवा झाल्या होत्या, बाई. तान्ह्या बाळाला लागत होत्या."

"अस्सं. मग जाळले असशील."

"जाळले."

वेलास्कितेने नणंदांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती काही वाईट बाई नव्हती. आयुष्यभर लोकर हाताळलेली होती, एवढंच. "एक मेंढी भादरून तिची लोकर चुलीत टाक, तीन गल्ल्यांत वास जातो. चार विती केस जाळलेस आणि शेजारच्या फ्रोनिल्दाला शिंकसुद्धा आली नाही? मी विचारलं तिला. उवांचे केस कोणी जपून ठेवत नाही, बाई."

मी फडक्याची कड पुढे ओढली.

"तू मामी आहेस, आई नाहीस, तरी तूच वाढवलीस. तुला असं काही दिसलं असेल ज्याने कोणीही मुलीचे केस कापेल." तिचा आवाज थोडा खाली आला. "लपवू नको. माझ्या पोराचा प्रश्न आहे. पोरगी चुकली का?"

मेन्सिया मागच्या दारात उभी होती. डोक्याला माझंच एक जुनं फडकं बांधलं होतं. लोपे तिच्या खांद्यावर झोपला होता. ती माझ्याकडे बघत होती, अगदी विश्वासाने, जसं मूल पान्ह्याची वाट बघतं.

नाही म्हणायला एकच शब्द पुरत होता. पण त्या शब्दामागून दुसरा प्रश्न आला असता: मग केस कुठे आहेत? आणि तो कडी घातलेल्या खोलीपर्यंत गेला असता. तिथून मठापर्यंत. तिथून गुतिएरेच्या कोपरापर्यंत.

"मला नका विचारू," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. खोटंही नाही बोलले, बघा.

"समजलं," वेलास्किता म्हणाली. जाताना दारात थांबली, मेन्सियाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमचा धंदाच कातरण्याचा. पण आम्ही मेंढ्या कातरतो गं, ओरिया. कातरलेली सून आणत नाही." नणंदा हसल्या. एकीने जाता जाता मेंढीसारखा आवाज काढला.

त्या गेल्यावर मेन्सियाने लोपेला अलगद पाळण्यात ठेवलं, दुलई सारखी केली. "मामी, तुम्ही शपथ घेतली नव्हतीत," ती म्हणाली. "मी विचारलं होतं. तुम्ही कात्री आणायला उठलात."

नुन्यो त्यानंतर गल्लीतून गेला नाही. त्या दगडापाशी मुलं खेळायची आणि मेन्सिया पाण्याला निघाली की 'मे, मे' करायची. तिसऱ्या दिवसापासून पाणी मी आणू लागले.

*

शुक्रवारी चर्चमध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. बुर्गोसहून लोक आले होते, आंधळे, पांगळे, खुर्चीवर उचलून आणलेली एक बाई. क्रुसावरचं काळं कापड सरकलं आणि प्रभू दिसला. केस छातीपर्यंत, जखमेला टेकलेले. बाहेरच्या दारातून आलेल्या उन्हात त्यातून चेस्टनटसारखी तांबूस झाक निघाली. म्हातारी ओलाया तर गुडघ्यावरच कोसळली. बिशपांचा माणूस, बारीक, कोरड्या तोंडाचा, त्यानेही डोक्यावरची टोपी काढली.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो घामाने चिंब झाला होता, आणि मला सांगायला लाज वाटते, पण सुंदर दिसत होता.

खिळे उपटले. उजवा हात पडला, मग डावा. हुंदका आला. केस चेहऱ्यावर आले, जणू उतरवणाऱ्यांनी त्याचा चेहरा बघू नये म्हणून. मीही रडले. केस कुणाचे हे माहीत असून रडले.

मग पाद्रींनी चांदीची कात्री घेतली.

मेन्सिया यायला नको होती, पण न आली असती तर लोकांनी म्हटलं असतं, पापी माणसाला देवळाची भीती वाटते. ती शेवटच्या खांबाआड डोकं झाकून उभी होती, भोवती हातभर मोकळी जागा. एवढ्या गर्दीतही तिच्याशेजारी कोणी उभं राहत नव्हतं. पाद्रींना ती दिसली. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी मला वाटतं त्या क्षणी त्यांना खरोखरच दया आली. त्यांनी हात केला.

"ये, पोरी. घाबरू नको. याने वेश्येलाही पायाशी बसू दिलं." लोक बाजूला झाले. ती पुढे आली, उर्राका तिचं बोट धरून. पाद्रींनी एक पुरचुंडी तिच्या तळहातावर ठेवली. "हे डोक्याला लावत जा. तुझेही वाढतील."

तिने चिंधी सोडली. बटीवरून अंगठा फिरवला. आपले केस आपल्या बोटांना कळतात. ते कोणाला शिकवावं लागत नाही. तिने ते नाकाशी नेले. मग मान वर केली आणि मूर्तीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मामी," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळे ऐकत होते. "हे कुणाचे आहेत?"

बिशपांच्या माणसाने माझ्याकडे वळून पाहिलं. पाद्रींनीही. गुतिएरेने उजवा हात काखेत धरला.

"प्रभूचे," मी म्हणाले. "डोळ्यांना लाव, बाळा."

तिने लावले. इतक्या हळू लावले की शेजारची एक बाई रडू लागली, आणि म्हणाली, "बघा, पश्चात्ताप झाला पोरीला."

*

डोंगरापलीकडे यात्रेकरूंसाठी इस्पितळ आहे, तिथे कपडे धुवायला माणसं लागतात. ती सोय पाद्रींनीच केली. "तिथे तिला कोणी बोलणार नाही," ते मला म्हणाले. "तिथे उवांमुळे सगळ्यांचेच केस कापतात."

ती गेली ती सोमवारी, खेचराच्या गाडीतून, गाठोडं तेवढंच जेवढं घेऊन आली होती. गुतिएरेने तिला कंगवा करून दिला होता. चांगला, अक्रोडाचा, वर दोन पानं कोरलेली. तिने तो बघितला आणि परत त्याच्या हातात ठेवला. "मामा, हा बाळाच्या बायकोला ठेवा."

मग लोपेला घेतलं. दाराच्या उजेडात नेऊन त्याच्या टाळूवरचं जावळ बोटांनी बाजूला केलं, पुढून, कानांमागून, मानेपाशी. सगळीकडे नीट बघितलं.

"ऊ नव्हतीच ना, मामी?"

"नव्हती."

तिने मान हलवली, जणू एवढंच पाहिजे होतं. लोपेच्या डोक्याचा मुका घेऊन त्याला माझ्याकडे दिलं. गाडीत चढण्याआधी ती उर्राकापाशी वाकली, कानात काहीतरी म्हणाली आणि तिच्या मुठीत पुरचुंडी ठेवली. गाडी वळणाआड गेली तेव्हा मी हात केला. तिने वळून पाहिलं नाही. फडकं मात्र सोडलं, आणि मांडीवर घेतलं. तिचं ते कातरलेलं डोकं उन्हात शेवटपर्यंत दिसत होतं.

आता कारखान्यात पुन्हा पटाशीचे आवाज येतात. बुर्गोसहून दुसऱ्या ख्रिस्ताची मागणी आलीये, हलत्या हातांचा. पाद्री भेटले की विचारतात, बाळ कसं आहे. वेलास्कितेने नुन्योसाठी दुसरी मुलगी बघितली.

आज दुपारी लोपे झोपल्यावर उर्राकाला उंबऱ्यावर बसवून मी तिचे केस विंचरायला घेतले, तीन दात मोडलेल्या त्याच कंगव्याने. तिने मुठीतली पुरचुंडी सोडली. ती बट तिने आपल्याच केसांशेजारी धरली, वरच्या टोकाला टोक लावून, आणि खाली किती उरतं ते बोटांनी मोजलं. मी केलं होतं तसंच. मग माझ्याकडे न वळता, रोज काहीतरी विचारते त्याच आवाजात म्हणाली,

"आई, माझे एवढे झाले की प्रभूचे पुन्हा वाढतील का?"